आपला हॅकर

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, पण खोटी. खरी आज पहिल्यांदाच सांगते आहे, ती तुम्हाला. तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

खोटी गोष्ट अशी, की सहा वर्षांपूर्वी माझा फोन हॅक झाला होता. हे आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या लग्नात कुणी अनोळखी लिंक उघडताना दिसलं, की नवरा माझं उदाहरण देतो. "हिचा झाला होता ना! कंपनीत केवढा मनस्ताप झाला हिला." मी शेजारीच उभी असते. मान हलवते. इतक्या वेळा हलवली आहे, की कधी कधी मलाच वाटतं, झाला असेल का खरंच?

तिथे यायच्या आधी मला बालाजीबद्दल सांगू द्या. हेही टाळणंच आहे का? असेल. पण बालाजी कोण होता हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

मी तेव्हा चाकणला एका कारखान्यात एचआरमध्ये होते. गाड्यांच्या आत वायरींचे जुडगे असतात ना, ते आम्ही बनवायचो. लाइनवर बहुतेक बायका. तयार झालेला प्रत्येक जुडगा एका मोठ्या टेस्टिंग मशीनला जोडायचा, सगळे हिरवे दिवे लागले की माल पुढे. बालाजी मेंटेनन्सला होता. लातूरकडचा, आयटीआय झालेला, पस्तिशीचा, कंत्राटावर. बायको आणि दोन मुली तळवड्यात भाड्याच्या खोलीत. बोलताना समोरच्याकडे कमी आणि समोरच्या वस्तूकडे जास्त बघायचा. तुमच्या हातात पेन असेल तर पेनकडे.

एकदा ते टेस्टिंग मशीन बंद पडलं. परदेशी मशीन, बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. बाहेरचा इंजिनिअर दोन आठवड्यांनी येणार होता. तोवर काय करायचं? वरिष्ठ नुसते मशीनभोवती फेऱ्या मारत होते. बालाजी तीन दिवस त्याच्यासमोर मांडी घालून बसला. मशीनबरोबर आलेलं जुनं पुस्तक कुठल्या तरी परक्या भाषेत होतं. मोबाइलचा कॅमेरा पानावर धरून तो एकेक ओळ मराठीत वाचायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने आतून शर्टाच्या गुंडीएवढा एक सेल काढला. सेल संपला होता. त्यामुळे मशीनचं आतलं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं, आणि मशीनला वाटत होतं की आपण अजून बनलोच नाही, मग चालू कसं व्हायचं? नवा सेल घातला, तारीख बरोबर केली. सगळे हिरवे दिवे लागले तेव्हा लाइनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कारखान्याच्या भिंतीवर आम्ही दर महिन्याला एक पत्रक लावायचो, ते माझं काम. मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, तुझ्यावर चार ओळी लिहिते, काय लिहू? तो लाजला. मग म्हणाला, "मॅडम, हॅकर लिहा."

मी हसले. म्हटलं, अरे, हॅकर म्हणजे चोर. लोकांची खाती रिकामी करतात ते.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलला. "चोराला वस्तू पाहिजे असती. हॅकरला ती वस्तू कशी चालती ते पाहिजे असतंय. एवढाच फरक. आमच्या आयटीआयच्या सरांनी सांगितलेलं. ज्यानं उघडून बघितलं, समजून घेतलं, आन् बनवणाऱ्यानं पण विचार केला न्हाई असं काही त्याच्याकडून करून घेतलं, तो हॅकर. लई मानाचा शब्द होता हा. पेपरवाल्यांनी चोराला लावला आन् घाण केला."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. त्या कारखान्यातल्या तीनेकशे माणसांत तो शब्द नीट समजावून सांगितलेली मी एकटी होते.

मी मोठ्या अक्षरांत मथळा दिला — 'आपला हॅकर'. खाली त्याचा मशीनशेजारचा फोटो, त्याने सांगितलेला अर्थ माझ्या भाषेत, आणि शेवटी माझी सही. लोकांना फार आवडलं. कॅन्टीनमध्ये त्याला 'हॅकरभाऊ' म्हणायला लागले. कुणाची इस्त्री, कुणाचा मिक्सर, कुणाचा मोबाइल, सगळं त्याच्याकडे यायला लागलं. तोही नाही म्हणायचा नाही. उघडायला मिळतंय यातच खूश.

आता कल्पनाबद्दल. आता टाळता येणार नाही.

कल्पना लाइनवर होती. मावळातल्या एका गावची. नवरा तिला सोडून गेलेला, आई आजारी. त्या महिन्यात ती चौथ्यांदा सुट्टी मागायला आली. माझ्यासमोर बसली आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होईल सगळं ठीक," म्हटलं. सुट्टीच्या अर्जावर सही केली. ती डोळे पुसत गेली आणि दार लागलं, तसा मी फोन हातात घेतला.

पर्चेसमध्ये माझी एक मैत्रीण होती. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींना असंतसं लिहायचो — लोकांच्या साड्या, लोकांचं इंग्रजी, कोण कसं चालतं. मी लिहिलं: 'कल्पनाचा रडका तमाशा आज परत. हिचा नवरा का पळाला ते आता कळतंय. मी असते तर मीही पळाले असते.' पुढे हसणारे चेहरे, तीन. आणि पाठवलं.

ते मैत्रिणीला गेलं नाही. 'आपला प्लांट' नावाच्या ग्रुपवर गेलं.

चहाची सुट्टी नुकतीच झाली होती. तीनशे माणसं, सगळ्यांच्या हातात फोन. मला कळायला चार मिनिटं लागली. मी मेसेज पुसला. पण चार मिनिटांत काय काय होतं — कुणी फोटो काढून ठेवला होता, कुणी पुढे पाठवला होता, आणि काचेपलीकडे लाइनवरच्या दोन बायका माझ्या केबिनकडे बघत होत्या.

मी काय लिहायला हवं होतं? 'मी चुकले.' दोनच शब्द. मी लिहिलं: 'माझा फोन हॅक झाला आहे. वरचा मेसेज मी पाठवलेला नाही. कृपया दुर्लक्ष करा.'

हाच शब्द का? पूर्वी बाई वाटेल ते बोलली तर म्हणायचे, तिच्या अंगात आलं होतं. मग कोणी विचारायचं नाही कसं आलं, कुठून आलं. हा शब्द आता तसा झाला आहे. तो म्हटला की सगळे घाबरतात, आणि कुणाला त्यातलं काही कळत नसतं, म्हणून कुणी पुढचं विचारत नाही. मला अशाच शब्दाची गरज होती. त्याचा अर्थ ठाऊक असूनही — नाही, ठाऊक होता म्हणूनच मला नेमकं माहीत होतं की बाकीच्यांना ठाऊक नाही.

अर्ध्या तासात ग्रुपवर सहानुभूतीचा पूर आला. 'मॅडम काळजी घ्या.' 'मॅडम, बँकेला कळवा आधी.' आणि मग कल्पना स्वतः आली. मी उठून उभी राहिले. वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकणार. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅडम, तुमच्या तोंडात असलं येनारच न्हाई. मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी मला पानी दिलंत. कोन असं करंल हो? कोनाला माझं एवढं ठाव?"

मी म्हणाले, "बघू. शोधू आपण."

त्या एका वेळी सांगता आलं असतं. दार बंद होतं, आम्ही दोघीच होतो. तिने मला मारलं असतं, किंवा नसतं. काहीही झालं असतं तरी ते तिथेच, त्या खोलीत संपलं असतं. मी तिला अजून एकदा पाणी दिलं.

दुपारी आमच्या साहेबांनी बोलावलं. एचआरचे मॅनेजर, शिस्तीचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, गेल्या दोन दिवसांत तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात होता का?"

होता. फोन नीट चार्ज होत नव्हता म्हणून आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो बालाजीला दिला होता. त्याने चार्जिंगच्या भोकातला मळ काढला, आणि नीट चालतोय ना हे बघायला माझ्याकडून लॉकचा पॅटर्न विचारून घेतला. वीस मिनिटांत परत दिला.

मी म्हणाले, "काल बालाजीकडे होता."

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. मी नंतर कित्येक दिवस या वाक्याला धरून होते. मी त्याच्यावर आरोप केला का? नाही. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. असं स्वतःला सांगत राहायचे.

साहेब म्हणाले, "तो हॅकर?"

मी म्हणाले, "हो."

ते उठून बाहेर गेले. भिंतीवर माझं पत्रक अजून होतं. ते त्यांनी टाचण्या काढून उतरवलं आणि फाइलमध्ये लावलं. मोठ्या अक्षरांतला मथळा, त्याचा फोटो, खाली माझी सही. बाकीच्या चार ओळी त्यांनी वाचल्या का? मला नाही वाटत. मथळा पुरेसा होता.

बालाजीला बोलावलं, आणि त्याचा जबाब लिहून घ्यायचं काम माझंच. म्हणजे मीच समोर बसले, कागद पुढे घेऊन. तो आधी गोंधळलेला होता, घाबरलेला नव्हता. त्याला वाटलं, फोनचं काय झालंय ते समजून घ्यायला बोलावलं आहे. त्याने लगेच हात पुढे केला.

"फोन द्या मॅडम. मेसेज कुठून गेला ते मी बघून सांगतो. काहीतरी खूण राहिलेली असतीच."

पण साहेबच म्हणाले, "परत तुझ्याच हातात फोन? वा!" आणि तसंही फोनमध्ये आता काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीतच मी तो पूर्ण पुसून नव्यासारखा केला होता. साहेबांना सांगितलं होतं, सुरक्षेसाठी.

तेव्हा बालाजीला कळलं. त्याने साहेबांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे वळला.

"मॅडम, तुम्ही सांगा की. मी फकस्त चार्जिंगची जागा साफ केलो. वीस मिनिटांत तुमच्या हातात दिलो. ताईबद्दल असं घाण मी कशाला लिहीन? माझी वळख पण न्हाई तिची. आन् हॅकर म्हंजे काय ते तर तुम्हाला सांगितलो होतो मी. तुम्हीच लिहिलाव ना ते?"

साहेबही माझ्याकडे बघायला लागले. मला आठवतं, खिडकीबाहेर फोर्कलिफ्ट मागे घेत होते, तिचा पीं-पीं आवाज येत होता, आणि मी त्या आवाजाच्या थांबण्याची वाट बघत होते. तो थांबला.

"मला त्यातलं टेक्निकल काही कळत नाही," मी म्हणाले.

आणि खाली मान घालून त्याचं बोलणं लिहून काढलं. 'तुम्हीच लिहिलंत ना' एवढं सोडून.

शिफ्ट सुटताना बसपाशी सगळे जमले होते. तोवर नाव फुटलं होतं. मी माझ्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. बालाजी डब्याची पिशवी घेऊन चालत आला आणि कल्पना रांगेतून बाहेर पडून त्याच्यासमोर उभी राहिली. काय बोलली ते काचेतून ऐकू आलं नाही. तिने त्याच्या कानाखाली मारली. खूप जोरात नसेल, पण पिशवी खाली पडली आणि डबा उघडला. शंभर-दीडशे माणसं बघत होती. त्याने हात उचलला नाही. "ताई, मी न्हाई केलो," एवढं मात्र तो मोठ्याने म्हणाला, ते मला ऐकू आलं. कुणीतरी ओरडलं, "ए हॅकर!" आणि लोक हसले. आधी हेच लोक त्याला हॅकरभाऊ म्हणायचे. भाऊ तेवढा गेला होता.

तो वाकून डबा उचलत होता तेव्हा आमची बस निघाली. ड्रायव्हरला 'थांबा' म्हणता आलं असतं. शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं, सापडला."

पोलिसांत कोणी गेलं नाही, कंपनीला बोभाटा नको होता. त्याचं कंत्राट संपवलं. पुढच्या तिमाहीत कायम करायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव होतं. यादी माझ्याच कॉम्प्युटरवर होती. साहेबांनी सांगितलं आणि मी ती ओळ काढली. खालची नावं आपोआप एकेक जागा वर सरकली.

इथेच थांबले असते तर, म्हणजे एका घाबरलेल्या क्षणाचा खोटेपणा एवढंच असतं तर, कदाचित मी आज हे लिहीत नसते. पण पुढच्या दोन महिन्यांत मला दोन फोन आले. चाकणला कारखाने एकमेकांच्या कुंपणाला लागून, आणि एचआरवाले सगळे एकमेकांना ओळखतात. "बालाजी नावाचा तुमच्याकडचा एक जण आलाय इंटरव्ह्यूला. कसा आहे?" तोवर भीती ओसरली होती. कोणी माझ्याकडे संशयाने बघत नव्हतं. दोन्ही वेळा मी शांतपणे चहा पीत होते. दोन्ही वेळा म्हणाले, "कामाला फार चांगला. पण..."

"पण काय?"

"नाही, ते एक हॅकिंगचं प्रकरण झालं होतं. तुम्ही बघा."

मी असं का म्हणाले असेन? सरळ 'चांगला आहे' म्हणता आलं असतं. पण मग कुणी विचारलं असतं, इतका चांगला होता तर काढलात का? माझी गोष्ट उभी राहायची तर तो हॅकर राहायला हवा होता. दोन्ही ठिकाणी त्याला घेतलं नाही. कल्पनाने वर्षभरात आईसाठी नोकरी सोडली आणि गावी गेली. जाताना मला भेटून गेली. पाया पडली. मी पडू दिलं.

मीही पुढे ती कंपनी सोडली. आता घराजवळच काम करते, पिंपळे सौदागरला. आणि मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, मी भाजी घेऊन सोसायटीच्या गेटमधून आत येत होते. गाड्या अडवायचा तो आडवा दांडा आठवडाभर बंद होता. तो दुरुस्त करायला एक माणूस उकिडवा बसला होता, पेटीचं झाकण उघडून. त्याने वर बघितलं. मी ओळखायच्या आधी त्याने ओळखलं. हात पँटला पुसत उभा राहिला.

"मॅडम! बऱ्या हाव का?"

केस पिकले होते. तळवड्यात त्याने स्वतःचं छोटं दुकान टाकलं आहे. कारखान्यांची बंद पडलेली कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करतो, असली बाहेरची कामंही घेतो. मोठी मुलगी दहावीला. मी "छान, छान" म्हणत होते आणि लिफ्ट किती पावलांवर आहे ते मनात मोजत होते. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटलं, विसरला. देवा, विसरला असू दे, वाटलं.

"मॅडम, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "लई वर्षं मनात हाय. तुमचा तो फोन. मी तसलाच फोन जुन्या बाजारातून घेतलो. सगळा उघडून बघितलो. लई वाचलो त्याच्यावर. चार्जिंगची जागा साफ करताना आत कुणाला शिरता येतंय का, मी सेटिंगमधी काही उघडं ठेवलो असंल का... मला घावलं न्हाई. सहा वर्षं बघतोय, घावत न्हाई."

सिक्युरिटीवाला खुर्चीवरून आमच्याकडे बघत होता.

"पर तुमचा फोन त्याच्या आदल्या दिवशी माझ्याच हातात होता. म्हंजे माझ्याच हातून काहीतरी ऱ्हायलं असंल. दुसरं कारणच दिसत न्हाई. मी केलो न्हाई, हे तुम्हाला पण ठाव हाय. पर माझ्यामुळं झालं असंल. तुम्हाला लई तरास झाला. त्या ताईला पण. माफ करा मॅडम."

त्याने खरोखर हात जोडले. बोटांना काळं ग्रीस होतं.

त्याच्या सहा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. एका वाक्याचं. शोधायचं थांब बालाजी, तिथे काही नाहीच. कोणी शिरलंच नव्हतं. त्याला माझ्याकडून माफी नको होती, नोकरी नको होती, त्याला फक्त ते कसं झालं हे हवं होतं. तो माणूसच तसा होता. आणि मी — भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जाऊ दे रे," मी म्हणाले. "मी कधीच मनात ठेवलं नाही."

त्याचा चेहरा मोकळा झाला. खरंच, मी बघितला. खांदे खाली आले. "तुम्ही मोठ्या मनाच्या हाव," तो म्हणाला, आणि परत पेटीसमोर बसला.

मी वर आले. नवऱ्याने विचारलं, खाली कोणाशी बोलत होतीस? म्हटलं, दांडा दुरुस्त करणारा आहे.

मी बालाजीला माफ केलं.